तानाबाई यायच्या आत

९ मार्च, रविवार

तानाबाईला आज गडहिंग्लजच्या गाडीत बसवून आलो. आमच्या मोनाचे दिवस भरत आलेत. तिच्या थोरल्याची परीक्षा तोंडावर, त्यामुळं लेकीला माहेरी येता येईना, म्हणून आईच लेकीकडं निघाली. आता थेट अक्षय्य तृतीयेला परत. गाडी सुटेपर्यंत खिडकीतून सूचना चालूच. गॅसचा नॉब, दूधवाला, मोटारीचं बटन. शेवटी म्हणाली, "आणि माझ्या मोगऱ्याला कायबी करू नगासा. नुसतं पाणी घालायचं. कळलं न्हवं?"

बत्तीस वर्षं एसटी चालवली मी. पावसाळ्यात घाट चढवलेत, उतरवलेत. आणि मला एक कुंडी सांभाळता येईना होय?

घर रिकामं झालं. डेअरीनं जानेवारीत दिलेली ही डायरीही रिकामीच पडली होती. एकमेकांना सोबत होईल म्हणून लिहायला बसलो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं वर्तमानपत्रानं शिकवलं. चुका झाल्या तर वाचणारा मीच आहे.

१० मार्च, सोमवार

हंगाम बरोबर धरलाय. थंडी सरली, ऊन अजून अंगावर आलेलं नाही. बी-काडी लावायची तर आत्ताच. लक्ष्मीपुरीच्या बाजारातून दोडका, कारलं, भेंडी, मिरची, सगळ्यांचं बी आणलं. तानाबाई येईपर्यंत गच्चीवर रान उठवून दाखवतो.

माझा एसटीतला दोस्त ज्ञानू शिरोळ तालुक्यात असतो. त्याच्या गावाजवळ साखर कारखाना. उसाच्या रसातला गाळ, आमच्याकडं त्याला मळी म्हणतात, त्याचं पोतं त्यानं टेम्पोतून पाठवून दिलं. काळीभोर, ओलसर, हाताला कोमट लागते. पोतं पोचल्याचं सांगितलं तर म्हणाला, "नरसू, ठेवून दे तशीच. दोन-तीन म्हैनं कुजू दे." म्हटलं, ह्याला काय कळतंय? ताजं ते ताजं.

बियांच्या कुंड्यांना पोतं पुरलं नसतं. म्हणून सगळी मळी मोगऱ्याला घातली, पार गळ्यापर्यंत. आता कळ्या मोजायला दोन माणसं लागतील.

१५ मार्च, शनिवार

मोगऱ्याची पानं करपल्यासारखी दिसतायत. उन्हानं असेल. पाणी वाढवलं.

फोनवर तानाबाईनं विचारलं, "मोगरा कसा हाय?"

म्हटलं, "झक्कास."

१७ मार्च, सोमवार

झक्कास नाही.

बोट मातीत खुपसलं तर चटका बसला. कुंडी आतनं तापलीय. ज्ञानूला फोन केला. तो म्हणाला, "आरं, ताजी मळी म्हंजे भट्टी असती भट्टी! तुला ठेवून दे म्हटलंवतं की." सगळी उपसून काढली. मुळं काळी पडलेली. हातात आली तर शेवयांसारखी तुटली.

आता हे लिहायलाच पाहिजे. हा मोगरा नर्सरीतला नाही. आमच्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझ्याच गाडीत, माझ्याच मागच्या सीटवर बसून सासूबाई शिरोळहून काडी घेऊन आल्या होत्या. ओल्या फडक्यात गुंडाळलेली, मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ओरडायच्या, "जावाईबापू, हळू! काडी हाय!" सासूबाई गेल्या. २०१९ च्या पुरात त्यांचं घरही बसलं, मागचं परडं वाहून गेलं. माहेरचं म्हणून तानाबाईकडं एवढंच उरलं होतं. चैत्रात फुलं आली की पहिली ओंजळ नाकाला लावून ती मिनिटभर डोळे मिटून उभी राहते. त्या मिनिटात मी तिच्याशी बोलत नाही.

वरच्या ओल्या फांद्यांच्या चार काड्या कापून लावल्यात. जगतील. जगायलाच पाहिजेत.

२२ मार्च, शनिवार

चारही गेल्या. काळ्या पडून आडव्या झाल्या. दोडका मात्र वर आलाय, कारलंही. बी माझ्या हाताला चांगलं लागतं, हे लिहून ठेवतो.

दुपारी जेवताना कुरडया तळल्या. तानाबाईच्या गेल्या वर्षीच्या, डब्यात तळाला चारच राहिल्यात. काय फुलतात! शेजारच्या शालूबाईला असल्या जन्मात जमणार नाहीत.

शालूबाईचं नाव आलंच आहे तर सांगतो. ती बालवाडीची निवृत्त बाई, आमच्या भिंतीला भिंत. चार वर्षांपूर्वी मी गच्चीवरची टाकी धुतली, पाणी तिच्या गच्चीवर गेलं आणि तिच्या वाळत घातलेल्या कुरडयांचा लगदा झाला. चुकून झालं. पण ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "एवढी वर्सं गाडी चालवली, ब्रेक कुठं असतोय म्हाईत न्हाय वाटतं!" एसटीच्या माणसाला हे? त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. तानाबाईलाही सांगितलं, त्या घरी पाय ठेवायचा नाही. तिनं मान हलवली. आजपर्यंत शब्द पाळलाय, हे मी अभिमानानं सांगतो.

पण पंचाईत अशी की भांडणाच्या आधी तानाबाईनं त्या मोगऱ्याची एक काडी शालूबाईला दिली होती. ती आता भिंतीपलीकडं छातीएवढी वाढलीय. सासूबाईंचा मोगरा जगात दोनच ठिकाणी होता. आता एकाच.

२३ मार्च, रविवार

मागणार नाही. चोरून आणलेली काडी लवकर लागते असं म्हणतातच, म्हणजे हे शास्त्राला धरून आहे.

दुपारी दोन ते तीन शालूबाई झोपते. स्टुलावर चढलो, भिंतीवरून हात घातला आणि फांदी ओढली. साल सोलून निघाली, निम्मी तिकडं, निम्मी माझ्या हातात. आतून खोकल्याचा आवाज आला. स्टुलावरून उतरलो त्या वेगानं मी निवृत्तीनंतर कुठंच उतरलो नाही.

काडी लावलीय.

२५ मार्च, मंगळवार

सकाळी तानाबाईला फोन लावला तर एंगेज. अर्धा तास एंगेज. पलीकडं शालूबाईही गच्चीवर फोन कानाला लावून हसत होती. आजकाल ज्याला त्याला फोनच.

मग तिचाच आला. मोनाच्या शेजारणीला म्हणे मोगऱ्याची काडी लावायचीय. "मी सांगते, तुम्ही लिवून घ्या आणि मोनाच्या फोनवर टाका. माझा चष्मा सापडंना झालाय." देव कुणाच्या तोंडून बोलेल सांगता येत नाही. लिहून घेतलं ते इथंही उतरवतो:

काडी ओढायची न्हाय, कात्रीनं कापायची. पेनाएवढी जाड, वीतभर लांब, पेराच्या खाली तिरकी. खालची पानं काढायची, वरची दोन ठेवायची, ती बी निम्मी कापून. नुसती माती नको, निम्मी वाळू. वरनं प्लॅस्टिकची बाटली कापून टोपी घालायची. उन्हात ठेवायची न्हाय. आणि रोज उकरून बघायचं न्हाय मुळं फुटली काय म्हणून.

शेवटचं वाक्य ती दोनदा म्हणाली. मोनाची शेजारीण फार उतावळी दिसते.

२७ मार्च, गुरुवार

रविवारची काडी वाळली. पण आज नशीब जोरावर.

पलीकडच्या मोगऱ्याच्या तीन फांद्या आमच्या बाजूला कलल्यात. वाऱ्यानं असणार. त्यांना लाल दोरा बांधलाय. झाडाला दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल, ह्या बायकांचं काही सांगता येत नाही. पण दोरा नेमका पेराच्या खाली, वीतभर मापावर. मी दोऱ्याखालून तिरकं कापलं. दोरा तिचा, काडी आमची.

भिंतीवर एक पाटीभर वाळूही ठेवलेली. बांधकाम कुठं काढलंय कोण जाणे. अर्धी घेतली. पाटीत जुनी कात्री पण होती, धारेची. काम झाल्यावर ती परत ठेवली. मी चोर आहे, पण कात्रीचोर नाही.

तीन काड्या, तीन बाटल्या. जिन्याखाली सावलीत ठेवल्या.

३० मार्च, रविवार. पाडवा

एकट्यानं गुढी उभारली. कडुलिंबाचा डहाळा मोठा झाला, साखरेची माळ तिरकी लागली, पण उभी आहे. बाटल्यांच्या आत दव धरलंय. उकरून बघितलं नाही. हात दोनदा गेला, परत घेतला.

शालूबाईची गुढी सरळ होती.

२ एप्रिल, बुधवार

मोनाला मुलगी झाली! दोघी बऱ्या आहेत. तानाबाई फोनवर रडली, मीही इकडं जिन्यात बसून रडून घेतलं. गल्लीत पेढे वाटले. शालूबाईच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. मग डबा भिंतीवर ठेवून आलो. संध्याकाळी डबा रिकामा, धुऊन, पुसून, परत भिंतीवर. धुऊन ठेवला, हे मला आवडलं. पण बोललो नाही.

७ एप्रिल, सोमवार

एका काडीची पानं गळाली. दोन हिरव्या आहेत. दोडका दोरीवर चढलाय, भेंडीला चार-चार पानं.

ऊन वाढलंय. माझ्या मनातली भीती लिहितो. तानाबाई मला कधी रागावली नाही असं नाही, पण तो राग भांड्यांवर निघतो आणि दुपारपर्यंत संपतो. ह्या बाबतीत ती रागावणार नाही. गप्प राहील. परत आल्यावर ओंजळ नाकाला लावायला काही नसेल आणि ती मला एका शब्दानं बोलणार नाही. भांडी आदळलेली परवडतील.

१२ एप्रिल, शनिवार

परवा बारसं. उद्या निघायचं, मंगळवारी परत. आज डोक्यात प्रकाश पडला: तीन दिवस पाणी कोण घालणार?

बाटलीला भोक पाडून वात घालून बघितली. सगळं पाणी दहा मिनिटांत खाली. कुंड्या न्हाणीत नेऊन ठेवाव्यात तर तिथं दुपारी भट्टी होते. ज्ञानूला फोन केला, तो म्हणतो, "शेजारी कोण न्हाय व्हय रं?"

आहे की.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी आठला पिशवी खांद्याला लावून शालूबाईच्या फाटकापाशी उभा राहिलो. फाटक उघडेना. कडी नेहमीच्या जागी नाहीच. वर चाचपलं, मध्ये चाचपलं, फाटक हलवलं. आतून आवाज आला, "खाली, खाली! आतनं हात घाला, गुडघ्यापाशी. कुत्री उघडत्यात म्हणून दोन वर्सं झाली खाली बसवून."

दारात आली. चार वर्षांत पहिल्यांदा समोरून बघितलं. केस पांढरे झालेत.

म्हणाली, "बोला, नरसूभावजी. गाडी चुकली काय आज हिकडं?"

मी रात्री जे पाठ केलं होतं ते सगळं विसरलो. म्हटलं, "शालूबाई, तानाबाईचा मोगरा मी मारला. ताजी मळी घालून. तुमच्या मोगऱ्याच्या काड्या मी चोरल्या. तीन. आधीची एक सालपटासकट. आता मी तीन दिवस न्हाय, आणि त्या जगायला पायजेत."

"का?"

"का म्हंजे? तिच्या आईची काडी हाय ती."

मग म्हणाली, "चोराला चोरीचा माल सांभाळायला मालकच सापडला व्हय!"

"सापडला."

"आणि माझ्या कुरडयांचं काय?"

मान खाली घातली. "ते बी माझंच चुकलं. टाकी धुताना बघायला पायजे हुतं."

"चार किलो गहू हुता, भावजी. तीन दिवस भिजवल्याला."

"व्हय."

"मग त्याच दिवशी म्हणायचं न्हाई का एवढं? ठेवा चावी. आणि चहा घेऊन जावा, गाडी पावणेनऊची हाय." गाडीची वेळ हिला कशी ठाऊक, विचारायचं राहिलं. चहाबरोबर कुरडई दिली. खाल्ली. अगदी तानाबाईच्या हातची चव. शेजारी राहून शिकली असणार.

१४ एप्रिल, सोमवार. गडहिंग्लज

नात काळीसावळी, मुठी घट्ट. नाव इरावती ठेवलं. तानाबाई बाळात इतकी गुंतलीय की मोगऱ्याचं एकदाही विचारलं नाही. दोनदा सांगायचं तोंडापर्यंत आलं, पण बारशात असलं काय बोलायचं? मोनाच्या शेजारणीची काडी बघायला निघालो होतो, तर मोना म्हणाली, "कुठली शेजारीण?" आणि तिच्या आईनं तिला आत हाक मारली. बाळंतपणात पोरींचं लक्ष ठिकाणावर नसतं.

१५ एप्रिल, मंगळवार

घरी. मेलेली काडी काढून टाकलेली. उरलेल्या दोघींना नवी पानं! एकीला चार, एकीला दोन, पोपटी, नखाएवढी. बाटल्या काढून ठेवल्यात, कुंड्या थोड्या उजेडात सरकवल्यात. चावी द्यायला शालूबाई आली तेव्हा म्हणाली, "हात लावू नगासा आता, निम्मं काम झालंय." मी तिला दोडक्याचं रोप दिलं. नाही-नाही म्हणत घेतलं.

२३ एप्रिल, बुधवार

मोठ्या रोपाला कळी! मुगाच्या दाण्याएवढी, पण कळी. मी गच्चीभर फिरून आलो. तानाबाई येईल त्या दिवशी हे फूल उमललेलं असेल. काय रुबाब होईल!

संध्याकाळी फोनवर तानाबाई म्हणाली, मोनाच्या शेजारणीच्या रोपाला कळी आलीय. "मी सांगितलं तिला, खुडून टाक म्हणून. पयली कळी ठेवली की मुळं धरत न्हाईत." तिकडंही आजच कळी, बघा. हवा सारखीच.

म्हणजे शेजारीण आहे. मोनालाच माहीत नाही.

खुडायची? ही कळी माझी साक्ष आहे. कळी असेल तर मी मोगरा मारला नाही, वाढवला, असं म्हणता येईल.

२४ एप्रिल, गुरुवार

खुडली. इतकी छोटी, तरी वास होता.

२८ एप्रिल, सोमवार

दोन दिवस एकच विचार. तानाबाईला सांगायचं की नाही? रोप मोठ्या कुंडीत लावून म्हणता येईल, छाटणी केली, नवी फूट आलीय. तिचं शिक्षण चौथी, पण झाडाच्या बाबतीत ती तहसीलदार आहे. शिवाय शालूबाईला तोंडावर खरं सांगितलं आणि बायकोला खोटं सांगायचं, हे जमत नाही. गाडीला खरचटलं की डेपोत पोचल्याबरोबर मीच सांगायचो. तपासनीसानं शोधायची वाट कधी बघितली नाही.

३० एप्रिल, बुधवार. अक्षय्य तृतीया

स्टँडवर पिशव्या घेतल्या आणि रिक्षात बसायच्या आधीच म्हटलं, "मोगरा मेला. मी मारला. ज्ञानूनं सांगितलंवतं, ऐकलं न्हाय. पण शालूबाईकडनं काड्या आणून दोन रोपं केल्यात. आधी चोरल्या, मग सांगितलं."

तिनं पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. मला वाटलं, आता इथं स्टँडवरच रडते. हात धरला. बऱ्याच वेळानं पदर काढला, डोळ्यात पाणी होतं. म्हणाली, "आईची काडी गेली न्हाय न्हवं? झालं तर मग. चला, रिक्षावाला खोळंबलाय."

घरी आल्याबरोबर चप्पल न काढता जिन्याखाली गेली. रोपाला हात लावला नाही, नुसती बसली. मग म्हणाली, "बारीक हाय, पण सरळ हाय."

मी म्हटलं, "मी ते घर बंद केलंवतं, ते बी चुकलं. तू जा आता शालूबाईकडं."

"जाते. पण चार वर्सांनी जायचं म्हंजे, बघा, पाय उचलंना."

पुरणपोळीची ताटली झाकून निघाली. मी गच्चीवरून बघत होतो. एका हातात ताटली, दुसऱ्या हातानं पदर. फाटकापाशी पोचली, ओणवी झाली, न बघता गुडघ्यापाशी आत हात घातला आणि कडी काढली. ती आत गेली, फाटक मागं पायानं लोटलं.

बायकांच्या हाताला कळतं असं.

२ मे, शुक्रवार

ती कडी काही डोक्यातून जाईना. सकाळी चहा झाल्यावर ही वही पहिल्या पानापासून वाचून काढली. वाचताना चार ठिकाणी थांबलो. लाल दोऱ्यापाशी कान गरम झाले. कुरडईपाशी तर वही मिटून जरा बसलो. चार वर्षं मी कुणाच्या हातच्या खात होतो ते आज कळलं.

तानाबाई भेंडीला पाणी घालत होती. म्हणाली, "काय वाचतायसा एवढं? मगाधरनं एकटंच हसतायसा."

म्हटलं, "बागकामाचं हाय. लिवणारा लई हुशार हाय, सोताच्या मतानं."

"असू दे की. शेवटी रोप लागतंय का त्येचं?"

"लागतंय. पण त्येच्या हातानं न्हाय."

तिचा पदर पुन्हा तोंडाला गेला. ह्या वेळी मला कळलं की ती रडत नाही. भिंतीपलीकडूनही कुणीतरी खोकलं.